बारा बोअरची काडतुसे आणि छऱ्यांचे आकार: नागपूर परिसरातील परवानाधारकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर शहरात, तसेच काटोल, नरखेड, कळमेश्वर, उमरेड या पट्ट्यांत वडिलोपार्जित दुनळी बंदूक सांभाळणारी घरे आजही आहेत. कोणाकडे ती पीक संरक्षणासाठी मिळालेल्या परवान्यावर आहे, कोणाकडे आजोबांच्या नावावरून वडिलांच्या आणि तेथून आपल्या नावावर आलेली आहे, तर काही तरुण मंडळींनी ती क्ले नेमबाजीसाठी (हवेत उडवलेल्या थाळ्या फोडण्याच्या खेळासाठी) नव्याने घेतलेली आहे. या सर्वांकडून काडतुसांविषयी येणारे प्रश्न बहुतेक तेच असतात. त्यांची उत्तरे येथे सविस्तर दिली आहेत. ही उत्तरे लिहिणारा स्वतः अनेक वर्षे क्ले नेमबाजी करणारा परवानाधारक आहे, त्यामुळे काही ठिकाणी त्याची मतेही आली आहेत.

कावळे मारण्यासाठी कोणत्या नंबरचे काडतूस घ्यावे?

कोणतेही नाही. हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, म्हणून त्याचे उत्तर सर्वांत आधी आणि स्पष्ट देणे भाग आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये पूर्वी पाचवी अनुसूची होती आणि तीत उंदीर, घुशी, फळे खाणारी वटवाघळे यांच्या रांगेत कावळाही उपद्रवी प्राणी म्हणून नोंदलेला होता. जुन्या परवानाधारकांच्या डोक्यात तोच कायदा पक्का बसलेला आहे आणि म्हणून ‘कावळ्याला कसली परवानगी लागते’ असे ते आजही सहज बोलून जातात. परंतु २०२२ च्या दुरुस्ती कायद्याने ही उपद्रवी प्राण्यांची अनुसूची काढून टाकली, ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि आपल्या घराभोवती दिसणारा कावळा दुसऱ्या अनुसूचीत गेला. या अनुसूचीतील प्राण्याची परवानगीशिवाय शिकार करणे हा गुन्हा आहे.

शिकार या शब्दाची कायद्यातील व्याख्या बोलण्यातल्या अर्थापेक्षा बरीच रुंद आहे. केवळ ठार मारणे नव्हे, तर जखमी करणे, सापळ्यात पकडणे, त्यासाठी हाकून नेणे, यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे, एवढेच काय, पक्ष्याची अंडी किंवा घरटी मोडणे हेदेखील तीत येते. छर्रा लागला नाही म्हणून गुन्हा घडला नाही, असा युक्तिवाद चालत नाही.

एअरगनला तर परवानाच लागत नाही. मग तिने मारला तर?

०.१७७ इंचापर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअरगनला शस्त्र परवाना लागत नाही, हे खरे आहे. मात्र शस्त्राचा कायदा आणि वन्यजीवांचा कायदा हे दोन वेगळे कायदे आहेत. पक्षी कशाने मारला याला दुसऱ्या कायद्यात महत्त्व नाही. गलोलीलाही हेच लागू आहे.

परंतु इंटरनेटवर कावळ्यांच्या शिकारीसाठी काडतुसांच्या शिफारशी भरपूर दिसतात. त्या कोठल्या?

त्या बहुतेक ब्रिटन आणि अमेरिकेतल्या आहेत आणि त्या त्या देशांतल्या कायद्याच्या चौकटीत लिहिलेल्या आहेत. ब्रिटनमध्ये पिकांचे किंवा पशुधनाचे गंभीर नुकसान टाळण्यासाठी कावळा मारण्याची मुभा सर्वसाधारण परवान्याच्या अटींवर दिली जाते. तेथे नेमबाज आडोशात बसून नकली कावळे मांडतो आणि थवा साधारण २० ते ३५ मीटरपर्यंत येऊ देतो. त्यासाठी २८ ते ३२ ग्रॅम छर्रे भरलेले, इंग्रजी ६ नंबरचे आणि क्वचित ५ नंबरचे काडतूस वापरण्याची तेथे रीत आहे. अमेरिकेत १९७२ साली मेक्सिकोबरोबरच्या करारात झालेल्या दुरुस्तीमुळे कावळा स्थलांतरित पक्ष्यांच्या संरक्षणाखाली आला; राज्यांना हंगाम ठरवता येतो, पण तो वर्षाला १२४ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. तेथील लेखांत साडेसात किंवा सहा नंबर सुचवलेला आढळतो.

आता गंमत पाहा: ब्रिटिश लेखातला ६ नंबर आणि अमेरिकी लेखातला ६ नंबर हे एकाच मापाचे छर्रे नाहीत. कावळ्याचा प्रश्न आपल्याकडे कायद्यानेच मिटलेला असला, तरी हा नंबरांचा घोळ क्ले नेमबाजालाही तितकाच भोवतो. पुढची बरीचशी उत्तरे त्यासाठीच आहेत.

‘बारा बोअर’ म्हणजे नेमके काय?

एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यांतली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती नळी बारा बोअरची. तिचा आतला व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर असतो. याच हिशेबाने वीस गोळ्या केल्या तर प्रत्येक गोळी लहान होते, म्हणून वीस बोअरची नळी बारीक, सुमारे १५.६ मिलिमीटरची असते. आकडा वाढला की नळी बारीक होते, हे नवख्याला उलटे वाटते. ‘चारशे दहा’ या बंदुकीला मात्र हा हिशेब लागू नाही. तो सरळ ०.४१० इंच असा व्यास आहे.

डब्यावर लिहिलेल्या छऱ्याच्या नंबरावर विश्वास ठेवावा का?

नंबर वाचावा, पण विश्वास मिलिमीटरवर ठेवावा. छऱ्यांच्या नंबरांची इंग्रजी पद्धत वेगळी आहे आणि अमेरिकी पद्धत वेगळी आहे. दोन्हींत नंबर वाढला की छर्रा लहान होतो एवढेच साम्य आहे.

इंग्रजी पद्धतीत ४ नंबरचा छर्रा ३.१ मिलिमीटरचा, ५ नंबरचा २.८, ६ नंबरचा २.६, ७ नंबरचा २.४, ८ नंबरचा २.२ आणि ९ नंबरचा २.० मिलिमीटरचा असतो. अमेरिकी पद्धतीत १७ मधून नंबर वजा करायचा आणि जो आकडा उरेल तितके शतांश इंच हा व्यास धरायचा, अशी सोपी युक्ती आहे. म्हणजे अमेरिकी ६ नंबर हा ११ शतांश इंच, अर्थात सुमारे २.८ मिलिमीटर होतो, आणि तो इंग्रजी ५ नंबरच्या बरोबरीचा ठरतो. अमेरिकी साडेसात नंबर सुमारे २.४ मिलिमीटरचा असल्यामुळे तो इंग्रजी ७ नंबरच्या जोडीला बसतो. ९ नंबर मात्र दोन्हीकडे जवळपास सारखाच, २.० मिलिमीटरचा आहे. युरोपातील इतर देशांच्या डब्यांवर आणखी वेगळे आकडे सापडतात, परंतु तेथील बहुतेक उत्पादक नंबराशेजारी मिलिमीटरही छापतात.

म्हणून विक्रेत्याकडे ‘सात नंबर द्या’ असे न म्हणता ‘दोन पूर्णांक चार मिलिमीटरचे द्या’ असे म्हणावे. सुरुवातीला समोरचा माणूस जरा विचित्र नजरेने पाहतो, पण दोन वेळा मागितल्यावर त्यालाही सवय होते.

एका काडतुसात किती छर्रे असतात?

हे छऱ्याचा व्यास आणि भरलेल्या शिशाचे वजन यांवर अवलंबून असते. इंग्रजी कोष्टकानुसार एका औंसात, म्हणजे २८.३५ ग्रॅममध्ये, ४ नंबरचे १७०, ५ नंबरचे २२०, ६ नंबरचे २७०, ७ नंबरचे ३४०, ८ नंबरचे ४५० आणि ९ नंबरचे ५८० छर्रे भरतात. क्लेसाठी प्रचलित असलेल्या २४ ग्रॅमच्या काडतुसात यावरून ७ नंबरचे सुमारे २९० आणि ९ नंबरचे सुमारे ४९० छर्रे येतात. शिशाच्या मिश्रणाप्रमाणे या आकड्यांत थोडा फरक पडतो.

मोठा छर्रा म्हणजे अधिक मार. मग मोठाच का घेऊ नये?

आमच्याकडे येणाऱ्या नव्या परवानाधारकांपैकी बहुतेकांचा कल याच बाजूला असतो आणि माझ्या मते बंदुकीविषयीच्या गैरसमजांत हा सर्वांत चिवट गैरसमज आहे. एकेका छऱ्याचा मार मोठा असतो हे खरेच आहे. व्यास वाढला की वजन त्याच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे २.४ मिलिमीटरचा छर्रा २.० मिलिमीटरच्या छऱ्यापेक्षा सुमारे पावणेदोन पट जड असतो आणि दूरवर वेगही अधिक टिकवतो. पण काडतुसातील शिशाचे एकूण वजन ठरलेले असते. प्रत्येक छर्रा जड केला की छऱ्यांची संख्या घटते आणि उडालेल्या छऱ्यांच्या जाळीला भोके पडतात.

हा हिशेब कागदावर मांडून पाहिला की शंका उरत नाही. क्लेची थाळी ११० मिलिमीटर व्यासाची आणि सुमारे २५ मिलिमीटर उंचीची असते. ट्रॅप या क्ले नेमबाजीच्या प्रकारात ती नेमबाजापासून दूर पळताना पुष्कळदा कडेनेच दिसते, म्हणजे छऱ्यांना लागण्यासाठी जेमतेम २७ चौरस सेंटिमीटर जागा मिळते. फुल चोकच्या, म्हणजे तोंडाशी सर्वांत आवळलेल्या, नळीतून ४० यार्डांवर, म्हणजे सुमारे ३६.५ मीटरवर, एकूण छऱ्यांपैकी साधारण ७० टक्के छर्रे ३० इंचांच्या, म्हणजे ७६ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात पडतात. त्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ४,५०० चौरस सेंटिमीटर होते. २४ ग्रॅमचे ७ नंबरचे काडतूस वापरले तर त्या वर्तुळात सुमारे २०० छर्रे येतात आणि कडेने दिसणाऱ्या थाळीच्या वाट्याला सरासरी एकापेक्षा थोडे अधिक छर्रे येतात. त्याच वजनात ४ नंबरचा छर्रा भरला तर वर्तुळात जेमतेम १०० छर्रे पडतात आणि थाळीच्या वाट्याला सरासरी अर्ध्याहून किंचित जास्त छर्रा येतो. म्हणजे नेम अचूक असूनही कित्येक थाळ्या छऱ्यांच्या फटीतून निसटून जाणार. त्यातूनही एखादी फुटली, तर कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, इतकाच त्याचा अर्थ. प्रत्यक्षात छर्रे वर्तुळाच्या मध्याशी दाट आणि कडेला विरळ पडतात, त्यामुळे जरा चुकलेल्या नेमाला याहूनही कमी सवलत मिळते.

याउलट फार बारीक छर्रे घेतले तर जाळी दाट होते, पण दूरच्या थाळीपर्यंत पोहोचेतो त्यांचा जोर संपतो आणि थाळी फुटण्याऐवजी तिच्यावरून नुसती धूळ उडते.

मग ट्रॅप आणि स्कीट यांसाठी कोणता आकार योग्य?

ट्रॅपमध्ये थाळी नेमबाजाच्या १५ मीटर पुढे असलेल्या खंदकातून सुटते आणि त्याच्यापासून दूर जाते; अनुभवी नेमबाजाची पहिली गोळीही थाळी तीस-पस्तीस मीटरवर असताना सुटते आणि दुसरी त्याहून लांब. त्यामुळे ट्रॅपसाठी २.४ मिलिमीटरचा छर्रा ही जगभर रूढ झालेली निवड आहे. स्कीटमध्ये अर्धवर्तुळावरच्या सात आणि दोन्ही घरांच्या मधली एक अशा आठ जागांवरून नेम धरायचा असतो, थाळ्या उंच आणि ठेंगण्या अशा दोन घरांतून समोरून आडव्या जातात आणि अंतर क्वचितच वीस-बावीस मीटरच्या पुढे जाते. तेथे २.० मिलिमीटरचा छर्रा आणि सैल चोक वापरतात.

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमानुसार स्पर्धेच्या काडतुसात छऱ्यांचे वजन २४ ग्रॅमच्या मर्यादेत, तर अर्धा ग्रॅम सवलत धरून २४.५ ग्रॅमपर्यंत चालते. छऱ्याचा व्यास २.६ मिलिमीटरपेक्षा मोठा चालत नाही आणि उडाल्यानंतर काडतुसाची लांबी ७० मिलिमीटरच्या वर जाता कामा नये. स्पर्धेची तयारी करणाऱ्याने सरावासाठीही २४ ग्रॅमचीच काडतुसे वापरावीत. २८ किंवा ३२ ग्रॅमवर बसलेला हात आणि खांदा स्पर्धेच्या दिवशी फसवतात. २००४ साली अथेन्समध्ये राज्यवर्धन सिंह राठोड यांनी डबल ट्रॅपमध्ये रौप्यपदक मिळवल्यानंतर आपल्याकडे या खेळाची चौकशी वाढली. तो प्रकार आता ऑलिम्पिकमध्ये राहिलेला नाही, परंतु ट्रॅप आणि स्कीट आहेत.

चोक म्हणजे काय आणि त्याचा छऱ्याशी काय संबंध?

नळीच्या तोंडाशी तिचा आतला व्यास किंचित आवळलेला असतो, त्याला चोक म्हणतात. तो जितका आवळ, तितके छर्रे अधिक अंतरापर्यंत एकत्र राहतात. वर सांगितलेल्या ४० यार्डांच्या मोजणीत सरळ नळी साधारण ४० टक्के, इंप्रूव्हड सिलिंडर ५०, पाव चोक ५५, अर्धा चोक ६०, पाऊण चोक ६५ आणि फुल चोक ७० टक्के छर्रे वर्तुळात पाडते. जुन्या दुनळी बंदुकीत दोन नळ्यांचे चोक मुद्दाम वेगळे ठेवलेले असतात, उजवी नळी सैल आणि डावी आवळ, अशी सर्वसाधारण मांडणी असते. ही टक्केवारी ढोबळ आहे. आपली बंदूक आपल्या काडतुसाने कशी जाळी पाडते, हे रेंजवर मोठा पांढरा कागद लावून तपासल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी एकाच काडतुसाच्या किमान पाच फैरी वेगवेगळ्या कागदांवर घ्याव्यात, कारण एका कागदावरून काढलेला निष्कर्ष फसवा असू शकतो.

आजोबांची जुनी बंदूक आहे. तिच्यात बाजारात मिळणारे कोणतेही बारा बोअरचे काडतूस चालेल का?

या प्रश्नाचे उत्तर वाचल्याशिवाय जुन्या बंदुकीत एकही काडतूस भरू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

काडतूस नळीत जेथे बसते त्या भागाला चेंबर म्हणतात आणि त्याची लांबी वेगवेगळी असते. जुन्या इंग्रजी बनावटीच्या कित्येक बंदुकांचे चेंबर अडीच इंचांचे, म्हणजे ६५ मिलिमीटरचे असते. आजच्या बंदुकांत ते पावणेतीन इंचांचे, म्हणजे ७० मिलिमीटरचे, किंवा तीन इंचांचे, म्हणजे ७६ मिलिमीटरचे असते. फसगत अशी होते की, काडतुसाची छापलेली लांबी ही ते उडून तोंड उघडल्यानंतरची लांबी असते. न उडालेले ७० मिलिमीटरचे काडतूस तोंड दुमडलेले असल्यामुळे ६५ मिलिमीटरच्या चेंबरमध्ये सहज शिरते आणि बंदूकही नीट बंद होते. चाप ओढला की दुमडलेले तोंड उघडते, पण त्याला उघडायला जागा नसते. पुंगळीच्या, म्हणजे काडतुसाच्या आवरणाच्या, कडा चेंबरच्या पुढच्या निमुळत्या भागात शिरतात, छऱ्यांची वाट अरुंद होते आणि आतला दाब वाढतो.

माझ्या हाती आलेली पहिली बंदूक अशीच ६५ मिलिमीटरची होती. मी न विचारता ७० मिलिमीटरचा डबा घेतला, आणि ज्याने तो दिला त्यानेही बंदुकीविषयी काही विचारले नाही. पहिल्या दोन फैरींत दस्त्याने गालावर असा तडाखा दिला की चार दिवस काळे-निळे झाले होते, आणि पुंगळ्या बाहेर काढायला लाकडी काठी लागली. पुंगळ्यांची तोंडे फाटून झिरमिळ्या झाल्या होत्या. नळी फुटली नाही, हे नशीब.

चेंबरची लांबी बंदुकीच्या नळ्या वेगळ्या केल्यावर त्यांच्या खालच्या सपाट भागावर कोरलेली असते. ती पुसट झाली असेल, तर परवानाधारक बंदूक कारागिराकडून माप घेऊन घ्यावे. नळ्यांच्या सांध्यात ढिलेपणा, आतून गंजाचे खड्डे किंवा बाहेरून पोचे असतील तर काडतुसाचा प्रश्नच उद्भवत नाही. ठासणीच्या भरमार बंदुकीची गोष्ट तर सर्वस्वी निराळी आहे. तिच्यात आजच्या काडतुसातली धूरविरहित दारू काढून ठासणे म्हणजे नळी हातात फोडून घेणे.

देशी काडतुसांपैकी खडकीच्या दारूगोळा कारखान्याची ‘शक्तिमान’ काडतुसे आपल्याकडे सर्वाधिक ओळखीची आहेत. तीही घेताना डब्यावरील लांबी वाचूनच घ्यावीत.

घरात बारा आणि वीस अशा दोन्ही बोअरच्या बंदुका आहेत. काही विशेष काळजी?

दोन्हींची काडतुसे एका पिशवीत, एका खिशात किंवा एका कप्प्यात कधीही ठेवू नयेत. वीस बोअरचे काडतूस बारा बोअरच्या नळीत टाकले तर ते चेंबर ओलांडून पुढे घसरते आणि नळीत अडकते. मागून पाहिले तर चेंबर रिकामे दिसते. ‘काडतूस भरायचे राहिले’ असे समजून माणूस त्यामागे बारा बोअरचे काडतूस भरतो आणि चाप ओढतो. मग नळी आधार देणाऱ्या डाव्या हाताजवळ फुटते. हा धोका टाळण्यासाठी वीस बोअरची पुंगळी पिवळ्या रंगाची करण्याचा संकेत आहे, परंतु संधिप्रकाशात रंगावर विसंबू नये.

रानडुकरांसाठी एलजी किंवा एसजी काडतुसे ठेवावीत का?

आधी परवानगी, मग काडतूस. पिकांचे नुकसान करणाऱ्या प्राण्याच्या बाबतीत मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी कारणे नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो, अशी तरतूद कायद्यात आहे. त्यासाठी आपल्या भागातील वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज करावा लागतो. शस्त्राचा परवाना पीक संरक्षणासाठी दिलेला असला, तरी तो या परवानगीची जागा घेत नाही. ही चूक अगदी जाणत्या शेतकऱ्यांकडूनही होते.

एलजी म्हणजे सुमारे ९.१ मिलिमीटरचे आणि एसजी म्हणजे सुमारे ८.४ मिलिमीटरचे मोठे छर्रे. एका औंसात एलजीचे सहा आणि एसजीचे आठच मावतात. इतके थोडे छर्रे पंचवीस मीटरच्या पुढे एवढे फाकतात की जनावर जखमी होऊन पळण्याची शक्यता वाढते, आणि जखमी रानडुक्कर संत्र्याच्या बागेत शिरले की दुसऱ्या दिवशी तेथे काम करणाऱ्या मजुरांच्या जिवावर बेतते.

छर्रा जास्तीत जास्त किती दूर जातो?

वापरायला सोपा ठोकताळा असा की, शिशाच्या छऱ्याचा व्यास जितके मिलिमीटर, त्याला ८० ने गुणले असता येणारे मीटर हे त्याचे कमाल अंतर. म्हणजे २.० मिलिमीटरचा छर्रा सुमारे १६० मीटर, २.४ मिलिमीटरचा सुमारे १९० मीटर आणि एसजीचा छर्रा साडेसहाशे मीटरहून अधिक जाऊ शकतो. शहर ज्या वेगाने वाढते आहे, ते पाहता दहा वर्षांपूर्वी मोकळी असलेली कित्येक शेते आज ले-आऊटच्या कुंपणाला भिडली आहेत. आपल्या बांधापासून साडेसहाशे मीटरवर काय आहे, हे एकदा मोजून पाहावे.

शिशाऐवजी पोलादी छर्रे वापरावेत का?

शिसे विषारी आहे. पाणथळ जागी पडलेले छर्रे बदके खड्यांबरोबर गिळतात आणि विषबाधेने मरतात. याच कारणाने अमेरिकेने १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी शिशाचे छर्रे देशभर बंद केले आणि युरोपीय संघाने २०२३ पासून पाणथळ जागी त्यांवर बंदी घातली. पोलादाची घनता शिशाच्या जेमतेम सत्तर टक्के असल्यामुळे तितकाच मार हवा असेल तर छर्रा साधारण दोन नंबरांनी मोठा घ्यावा लागतो. पोलाद शिशासारखे दबत नाही, म्हणून जुन्या, पातळ नळीच्या आणि आवळ चोकच्या बंदुकीत पोलादी छर्रे भरू नयेत.

शिशाची काडतुसे हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. सरावानंतर लगेच डबा उघडून पोळी-भाजी खाणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहिले आहे.

नागपूरच्या उन्हाळ्यात काडतुसे कोठे ठेवावीत?

उन्हात उभ्या केलेल्या गाडीत कधीही ठेवू नयेत. मे महिन्यात बाहेरचा पारा ४५ अंशांच्या आसपास असताना बंद गाडीतले तापमान त्याहून कितीतरी वर जाते. तापलेली दारू वेगाने जळते आणि नळीतला दाब वाढतो. वारंवार तापल्याने दारू खराबही होते. घराच्या सर्वांत थंड खोलीत, कुलूपबंद कपाटात, बंदुकीपासून वेगळ्या ठिकाणी काडतुसे ठेवावीत. कूलरच्या समोरची खोली थंड असते, पण दमटही असते, म्हणून ती टाळावी.

पावसाळ्यात जुन्या कागदी पुंगळ्या फुगतात आणि चेंबरमध्ये अडकतात. बुडाच्या पितळेवर हिरवट थर आला असेल, ठिणगी देणाऱ्या बुडाच्या टोपीभोवती डाग असतील किंवा पुंगळी फुगलेली असेल, तर ते काडतूस वापरू नये आणि कचऱ्यातही टाकू नये. ते परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलिसांच्या शस्त्र परवाना शाखेकडे विचारून जमा करावे.

चाप ओढला आणि काडतूस उडालेच नाही, तर?

नळी सुरक्षित दिशेला रोखून किमान ३० सेकंद तशीच धरावी, कारण काही वेळा दारू उशिरा पेटते. त्यानंतर बंदूक उघडून काडतूस काढावे. याहून फसवा प्रकार म्हणजे नेहमीच्या धडाक्याऐवजी ‘फुस्स’ असा मिळमिळीत आवाज येणे. अशा वेळी छर्रे किंवा वॅड (दारू आणि छर्रे यांमधले बूच) नळीत अडकलेले असण्याची शक्यता असते. लगेच दुसरे काडतूस न भरता बंदूक रिकामी करावी आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहावे.

किती काडतुसे घेता येतात आणि परवाना कोण देते?

एका वेळी किती बाळगता येतील आणि वर्षभरात किती खरेदी करता येतील, हे आकडे आपल्या परवान्यावरच लिहिलेले असतात. नागपूर शहरासाठी पोलीस आयुक्त आणि ग्रामीण भागासाठी जिल्हाधिकारी हे परवाना देणारे अधिकारी आहेत. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली आहे. त्याच दुरुस्तीने लग्न-वरातीत हौसेने हवेत बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे.

रिकाम्या पुंगळ्या घरी पुन्हा भरता येतात का?

परवान्याशिवाय काडतुसे तयार करणे हा गुन्हा आहे आणि घरी भरलेल्या काडतुसांत दारूचे माप थोडे चुकले तरी दाब बेसुमार वाढतो. हा विषय येथेच सोडावा.

कावळ्यांचा त्रास खरोखर आहे. मारायचे नाहीत, मग करायचे काय?

मक्याचे कोवळे कणीस, पेरलेला भुईमूग आणि कोंबडीची पिल्ले यांवर कावळे येतात, हे नाकारता येणार नाही. पिल्लांच्या खुराड्यावर जाळी घालणे, हा एकच उपाय मला पूर्णपणे भरवशाचा वाटतो. शेतात चमकणाऱ्या फिती बांधल्या तर काही दिवस उपयोग होतो, पण कावळा हुशार असल्यामुळे त्यांची जागा दर दोन-तीन दिवसांनी बदलावी लागते. बुजगावण्याला तर तो आठवड्याभरात ओळखतो आणि त्याच्याच डोक्यावर बसतो. कोंबड्यांचे वाया गेलेले अवयव, मेलेली पिल्ले आणि खरकटे उघड्यावर टाकणे बंद केले की कावळ्यांची संख्या आपोआप घटते. वस्तीजवळच्या बहुतेक तक्रारींचे मूळ उघड्या उकिरड्यातच असते. पितृपक्षात ज्याची आपण पान वाढून वाट पाहतो, तो पक्षी एरवी उकिरड्यावर जेवतो, त्याला तो तरी काय करणार.

सरावानंतर पुंगळ्यांचे काय करावे?

मोजून गोळा कराव्यात आणि त्या दिवशीच्या फैरींशी आकडा जुळवून वहीत लिहावा: तारीख, ठिकाण, डब्यावरील उत्पादन क्रमांक, किती उडाल्या, किती उरल्या. खरेदीच्या पावत्याही त्याच वहीत लावून ठेवाव्यात. परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी वापराविषयी विचारणा झाली, तर ही वही पुढे करता येते. प्लॅस्टिकच्या पुंगळ्या आणि वॅड शेतात पडून राहिले तर वर्षानुवर्षे कुजत नाहीत आणि चाऱ्याबरोबर जनावरांच्या पोटात जातात, म्हणून वॅडही शक्य तितके वेचून घ्यावेत.